झिकाच्या पावसाळ्यातली घरं

पाऊस सुरू झाला की लोकांना जुनं काहीबाही आठवतं. मला तो उघडल्यावर आठवतं. चार दिवस झड लागते, मग एका सकाळी लख्ख ऊन पडतं. गच्च्यांवर चादरी दिसायला लागतात, गल्लीत मुलं सायकली काढतात, माणसं एकमेकांना "बरं झालं बाई, उघडलं" म्हणतात, आणि मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागते. आठ दिवस. कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीत पडलेल्या करवंटीत साठलेल्या स्वच्छ पाण्यात घातलेल्या अंड्याचा डास व्हायला एवढे पुरतात.

परवा असंच ऊन पडलं. ऑफिसातल्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा आहे; सापडलेल्या प्रत्येक रुग्णाचा त्यावर एक ठिपका. सगळी माहिती आता संगणकात जाते, पण आमच्या कल्पनाताईंचा भिंतीवर जास्त विश्वास. तीस वर्षं आरोग्य विभागात काढलेल्या बाई. त्यांनी ओलं फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "जुने ठिपके पूस. नव्यांना जागा नको का?"

मी पुसले. सहज निघाले. कर्वेनगरचा निघाला, विश्रांतवाडीचाही निघाला. त्यातला विश्रांतवाडीचा ठिपका माझा स्वतःचा होता.

दोन वर्षांपूर्वी शहरात झिकाचे रुग्ण सापडायला लागले, तेव्हा मला पुण्यात येऊन चार वर्षं झाली होती. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे. अमरावतीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि इथे कीटक सर्वेक्षणाच्या कंत्राटी कामावर आले. विश्रांतवाडीत एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक खोली मिळाली. सकाळी सातला जिना उतरायचा, अंधार पडता पडता चढायचा. ऑफिसात माणसं चांगली होती, पण ती साडेपाचला आपापल्या घरी जायची. चार वर्षांत मी पुण्यातल्या एकाही घरात चहाला गेले नव्हते. हे मी आईला कधी सांगितलं नाही. विहारातून वंदना आटोपून आली की ती फोन करायची. "कोणी आहे ना गं सोबतीला?" मी म्हणायची, "आहेत ना."

आणि मग त्या एका पावसाळ्यात मी घराघरांत शिरले.

काम समजायला सोपं आहे. झिकाचा डास फार लांब उडत नाही. जिथे जन्मला त्याच्या आजूबाजूच्या दोन-चार इमारती, एवढंच त्याचं जग. तो दिवसा चावतो. लांबचा प्रवास करतो तो माणूस. ताप यायच्या आधीच विषाणू रक्तात घेऊन तो स्वारगेटला एसटीत बसतो, दुसऱ्या गावी उतरतो, तिथला डास त्याला चावतो आणि तिथे नवा ठिपका उमटतो. पुष्कळांना तर ताप येतही नाही. म्हणून एक रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालची सगळी घरं पालथी घालायची. विजेरी घेऊन पाणी शोधायचं, अळ्या दिसल्या तर ओतून द्यायचं, कोणी गरोदर बाई आहे का विचारायचं. कारण मोठ्या माणसाला झिका चार दिवसांत सोडून देतो; भीती असते ती पोटातल्या बाळाच्या मेंदूची. आणि रुग्णासमोर बसून एक तक्ता भरायचा: गेल्या पंधरा दिवसांत आपण कुठे गेला होता, आपल्याकडे कोण आलं होतं.

दारं उघडायची ती पुण्याच्या पद्धतीनं. "डास बघायला आलात? आमच्याकडचे सगळे ओळखीचे आहेत." किंवा, "मागच्या आठवड्यात येऊन गेले तुमचे लोक. तेव्हा काही राहिलं होतं का बघायचं?" पण उघडायची. काही घरांत पाणी विचारलं जायचं. काही घरांत गळ्यातल्या ओळखपत्रावरचं मेश्राम हे आडनाव वाचलं जायचं आणि मग विचारलं जायचं नाही. मला दोन्हीची सवय होती. सवय नव्हती ती घरांची. फोडणीचा वास, कुकरची शिट्टी, आतल्या खोलीतून "कोण आलंय गं?" असं कुणीतरी विचारणं. मी फ्रिजमागे वाकून ट्रे काढत ते आवाज ऐकत असायची. ट्रे स्वच्छ असला तरी मी जरा वेळ तशीच वाकून राहायची.

कर्वेनगरचा ठिपका म्हणजे लिमयेकाका. वय पंचाहत्तरच्या आसपास, बँकेतून निवृत्त, पहिल्या मजल्यावर एकटेच. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी परदेशात. ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल. डॉक्टरांना शंका आली म्हणून रक्त विषाणूच्या तपासणीला गेलं आणि झिका निघाला. मी तक्ता घेऊन गेले तेव्हा ताप उतरला होता. इस्त्रीचा सदरा घालून ते खुर्चीत ताठ बसले होते.

"गेल्या पंधरा दिवसांत आपण कुठे गेला होता?"

"कुठेही नाही."

"आपल्याकडे कोण आलं होतं?"

"कोणीही नाही."

"दूधवाला, कामाच्या बाई?"

"पिशवी दाराला अडकवून जातो तो. बाई मार्चपासून सोडून गेल्या. लिहा ना, कोणीही नाही. त्यात अवघड काय आहे?"

मी लिहिलं. मग गॅलरीत गेले. कुंड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीखाली ताटली, आणि कठड्यावर मनीप्लांटच्या पाच-सहा बाटल्या. विजेरी मारली. तीन ताटल्यांत आणि एका बाटलीत अळ्या वळवळत होत्या.

"हे सगळं ओतावं लागेल, काका."

ते दारात येऊन उभे राहिले. "झाडं हिची आहेत," म्हणाले. "तिनं सांगितलं होतं, पाणी कमी पडू देऊ नका. मी नाही पडू दिलं."

मी एकेक ताटली गॅलरीच्या मोरीत ओतली. ते बघत राहिले. मी निघताना त्यांनी विचारलं, "आणि तुमच्याकडे हो कोण येतं?"

"येतात ना. मैत्रिणी असतात," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. माझा खोटेपणा त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांचा मात्र माझ्या लक्षात आला नव्हता.

त्यांचा खोटेपणा पुढच्या आठवड्यात लक्षात आला. पुन्हा गॅलरी तपासायला गेले तेव्हा ते जेवत होते. ताटात ज्वारीची भाकरी आणि एक हिरवी पालेभाजी. मी विचारलं, डबा लावला का.

"हो. मेसचा. तरोट्याची भाजी आहे. चव घेणार?"

मी हातातली विजेरी खाली ठेवली. पावसाळ्यात पडीक जागेत उगवणारी ती भाजी इथे कोणी खाल्लीच तर तिला टाकळा म्हणतात. तरोटा आमच्याकडे म्हणतात.

"काका, हा शब्द तुम्हाला कोणी शिकवला?"

त्यांनी घास ताटात ठेवला. मग तोंड उघडलं ते एखादा गुन्हा कबूल केल्यासारखं. मागच्या बाजूला इमारतीचं बांधकाम चाललं होतं. तिथला वॉचमन गजानन आणि त्याची बायको रेखा, वाशिमकडचे. दोघं पत्र्याच्या खोलीत राहायचे. ठेकेदारानं बजावलं होतं की बिऱ्हाड ठेवायचं नाही, बायको दिसली तर काम जाईल. म्हणून ठेकेदाराच्या येण्याच्या वेळेला, दुपारभर, रेखा काकांच्या गॅलरीत येऊन बसायची. येताना भाकरी-भाजी आणायची. ती तांदूळ निवडायची, हे पेपर वाचून दाखवायचे. चार महिने हे चाललं होतं.

"तुमची आरोग्य विभागाची गाडी तिच्या दारात उभी राहिली असती की दुसऱ्या दिवशी त्यांना हाकललं असतं," काका म्हणाले. "म्हणून म्हटलं, कोणीही नाही."

"तिला दिवस आहेत का?"

"पाचवा चाललाय. का?"

मी सांगितलं. तापाच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या, पण बाळाचं त्यांच्या डोक्यात उतरलं नव्हतं. ते उठले, हात न धुताच गॅलरीच्या दारापाशी गेले. ती जिथे बसायची तिथे अजून एक गोणपाट अंथरलेलं होतं. कुंड्यांपासून हातभर अंतरावर.

"म्हणजे माझ्या इथे," ते म्हणाले. एवढंच. वाक्य पुरं केलं नाही.

मी त्यांना म्हटलं, आधी कोणाला झालं हे सांगता येत नाही. तिच्याकडून तुम्हाला आलं असेल, दोघांना तिसऱ्याच कोणाकडून आलं असेल, कदाचित तिला झालंही नसेल. ते सगळं खरं होतं. पण ते ऐकत नव्हते. एकेक बाटली उचलून मोरीत रिकामी करत होते. शेवटी मनीप्लांटच्या वेलांचा ओला गुंता हातात घेऊन उभे राहिले, आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

कल्पनाताईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गाडी नको. चालत जाऊ." आम्ही ओळखपत्रं पिशवीत टाकून, भाजी आणायला निघालेल्या बायकांसारख्या गेलो. रेखा बावीस-तेवीस वर्षांची असेल. आधी ती बोलेचना. मग मी आमच्या बोलीत विचारलं, "जेवली का वं?" तिनं चमकून पाहिलं.

"तुमी कुठच्या, ताई?"

"दारव्ह्याच्या पुढच्या."

"मंग पहिलेच सांगाचं ना." ती बाजूला सरकली आणि बसायला जागा केली.

चार वर्षांत पुण्यात माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं. मी रक्त घ्यायला आले होते हे क्षणभर विसरले. कल्पनाताईंनी नमुना घेतला. तिला महिन्यापूर्वी दोन दिवस बारीक ताप येऊन गेला होता. अंगावर आलेलं पुरळ तिला घामोळं वाटलं होतं.

रिपोर्ट येईपर्यंत मी तीन वेळा काही ना काही निमित्त काढून तिच्याकडे गेले. निमित्ताची गरज नव्हती, पण निमित्ताशिवाय कोणाच्या घरी कसं जातात हे मी विसरले होते.

रिपोर्टमध्ये झिका निघाला. सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण बोली माझी होती. काकांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही बसलो. गजानन दाराशी उभा होता, आत यायला तयार नव्हता. रेखानं सगळं ऐकून घेतलं.

"माह्या लेकराले काई होईन का, ताई?"

"बहुतेकांना काही होत नाही. काहींना होतं. डोकं नीट वाढतंय का ते दर महिन्याला सोनोग्राफीत बघावं लागेल."

"आन नाई वाढलं तं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग काकांकडे वळली. "तुमी काऊन रडून रायले, बाबा?" काका उठून आत गेले. परत आले ते किल्ली घेऊन. मागची खोली मुलीची होती, बंदच असायची. ते गजाननला म्हणाले, "सामान आजच आण. त्या पत्र्यात आता राहायचं नाही. आणि ठेकेदाराला सांग, बायको माझ्याकडे पाहुणी आहे."

सोसायटीत अर्थातच चर्चा झाली. जिन्यात कोणीतरी त्यांना विचारलं, पाहुणे किती दिवस आहेत. काका म्हणाले, "विचारलं नाही. आपल्याकडे पाहुण्यांना तसं विचारायची पद्धत नाही. तुमच्याकडे असल्यास कल्पना नाही."

दर महिन्याला ते तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जायचे आणि बाकावर छत्री घेऊन बसायचे. एकदा मीही गेले होते. परिचारिकेनं त्यांना विचारलं, आपण पेशंटचे कोण? "शेजारी," ते म्हणाले. तपासणीहून रेखा बाहेर आली की आधी त्यांच्याकडे बघून मान हलवायची, ठीक आहे म्हणून. मग माझ्याकडे. मला त्या दोघांचा हेवा वाटला. अशा वेळी हेवा वाटावा याची लाज वाटली, तरी वाटला. परतताना ती दोघं रिक्षानं कर्वेनगरला गेली आणि मी विश्रांतवाडीच्या बसच्या रांगेत उभी राहिले.

त्याच महिन्याच्या शेवटी मला ताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हातावर पुरळ दिसलं, आरशात डोळे लाल दिसले, आणि मला कळलं. रक्त दिलं. रिपोर्ट आल्यावर तक्ता घेऊन कल्पनाताई आल्या. गच्चीवरच्या माझ्या खोलीत आलेलं ते पहिलं माणूस. बसायला एकच खुर्ची होती, तिच्यावरचे कपडे त्यांनी स्वतःच उचलून ठेवले.

"पंधरा दिवसांत कुठे गेली होतीस?"

"सगळीकडे."

"तुझ्याकडे कोण आलं होतं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी जे लिहायचं ते लिहिलं. मग नियमाप्रमाणे बाहेर जाऊन गच्ची तपासली. पाणी भरून ठेवायला मी दारात एक टब ठेवला होता. सगळ्या शहराचे टब मी ओतत होते तेव्हा माझ्या स्वतःच्या दारात अळ्या पोसल्या जात होत्या. ताई हसल्या नाहीत. टब ओतला, पालथा घातला, आणि खाली आजूबाजूची घरं तपासायला गेल्या.

तासाभरानं परत आल्या तेव्हा हातात यादी होती. त्यांनी खिचडी लावली आणि कुकर होईपर्यंत यादी माझ्या पांघरुणावर ठेवली. शेजारची इमारत, समोरची बैठी घरं, आमचा जिना. प्रत्येक घराचं नाव, माणसं किती, पाणी कुठे साठवतात. मी ती वाचत पडले. तळमजल्यावर गायकवाड, दोन मुलं. पहिल्या मजल्यावर शेख, आजी अंथरुणावर. तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे माझ्या थेट खाली, सुलभा तांबे, एकट्या. चार वर्षं ज्यांच्या दारांवरून मी चढत-उतरत होते त्या माणसांची नावं मला माझ्याच आजाराच्या कागदावरून कळली.

"त्या तांबे बाई," ताई ताट वाढताना म्हणाल्या, "मी विचारलं, वर राहतात त्यांना ओळखता का. तर म्हणाल्या, वर कोणी राहत नाही. वर टाकी आहे."

सांगून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं. मला ते दिसलं. खिचडी खाईपर्यंत त्या बसून राहिल्या, मग त्यांची बस होती.

डिसेंबरात रेखाला मुलगी झाली. काकांचा फोन आला. "मेश्राम, डोक्याचं माप घेतलं. नीट आहे. मी त्यांना दुसऱ्यांदा घ्यायला लावलं. दुसऱ्यांदाही नीट आहे." मी ऑफिसात नकाशासमोर उभी होते.

वर्षभर त्या मुलीचे डोळे, कान तपासत होते. सगळं ठीक निघालं. पुढच्या वर्षी गजाननला वाशिमलाच काम मिळालं आणि ती माणसं गेली. काका पुन्हा एकटे आहेत. पण रविवारी रेखा त्यांना फोनवर मुलगी दाखवते, आणि ती मुलगी म्हणे फोनच्या पडद्याला चाटते. गॅलरीत आता झाडं मातीत आहेत, खाली ताटल्या नाहीत. मी महिन्यातून एकदा तिथे जाते. आमच्यात बोलणं फारसं होत नाही. रेखा होती तेव्हा आम्ही दोघं तिच्याशी बोलायचो. एकमेकांशी कसं बोलायचं हे आम्हाला अजून नीट जमलेलं नाही.

आणि सुलभा तांबे. नाव कळल्यानंतरही दोन वर्षं मी त्यांच्या दारावरून गेले. पाटी वाचायची, पुढे जायची. कधी आतून बातम्या ऐकू यायच्या, कधी चमचा पडल्याचा आवाज. कितीतरी अनोळखी दारं मी वाजवली आहेत. तेव्हा गळ्यात ओळखपत्र असतं, हातात विजेरी असते, विचारायला प्रश्न असतो. यातलं काही नसताना हात उचलत नाही.

परवा नकाशा पुसून घरी आले. ऊन उतरत होतं, पायऱ्या अजून ओल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि बेल वाजवली.

साठीच्या, बारीक अंगाच्या बाई. चष्मा कपाळावर. "कसला सर्व्हे?" त्यांनी विचारलं. आमच्या लोकांना त्या आता ओळखायला लागल्या असाव्यात.

"सर्व्हे नाही," मी म्हटलं. "मी वर राहते."

"वर म्हणजे?"

"टाकीशेजारच्या खोलीत."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहिलं. "किती वर्षं?"

"सहा."

जिन्यात खालून कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. त्या दार आणखी उघडून बाजूला झाल्या.

"मग आत या," त्या म्हणाल्या. "पाय पुसून या. आत्ताच फरशी पुसलीये."